तिंदुकाच्या संध्याकाळी

पूर्वी माहिष्मती नगरीत सुबाहू राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्व नगराबाहेरच्या डोंगरात, मध काढणाऱ्यांच्या वाडीत जन्मास आले. त्यांचे नाव भद्रक. कड्यांना लागलेली आग्यामोहोळे उतरवणे हा त्या वाडीचा धंदा. एकाने दोराला लटकून कड्यावरून खाली उतरायचे आणि दुसऱ्याने वर बसून तो दोर धरायचा. दोर धरणाऱ्याच्या हाती खालच्याचा प्राण असे, म्हणून वाडीत त्याचा मान मोठा.

भद्रकाचा दोर तिंदुक धरीत असे. दोघे लहानपणापासूनचे सोबती. तिंदुक मनाने हळवा, हाताने बळकट. पण मोहाच्या दारूने त्याला धरले होते. आधी सणावारी, मग रोज संध्याकाळी, मग सकाळीही. त्याची बायको पाटला दळताना सुरेख गात असे. हळूहळू तिचे गाणे बंद झाले.

कार्तिकात एके सकाळी दोघे कड्यावर गेले. तिंदुकाचे डोळे तांबारलेले पाहून भद्रकाने विचारले, "बरा आहेस ना?"

"बरा आहे, दादा," तिंदुक म्हणाला. भद्रकाने विश्वास ठेवला आणि तो उतरला. निम्म्या वाटेवर दोर सुटला. खाली करवंदीची दाट जाळी होती म्हणून प्राण वाचला, पण उजवा पाय मांडीत मोडला.

वाडीची रीत कडक होती. ज्याच्या हातून दोर सुटला त्याने वाडी सोडायची आणि त्याच्या वाट्याचा कडा जखमी माणसाला मिळायचा. तिंदुकाचा कडा त्या खोऱ्यात सर्वांत मधाळ होता. पंच जमले. भद्रकाला बाजेवर घालून आणले. वाडीतला सर्वांत वडीलधारा कंबल म्हणाला, "भद्रका, कडा तुझा झाला. याला आजच वाटेला लावू."

तिंदुक मान खाली घालून उभा होता. पाटलेने गाठोडे बांधूनही ठेवले होते.

"कडा मला नको," भद्रक म्हणाला. "मला त्याच्या संध्याकाळी द्या."

"म्हणजे काय?"

"रोज सूर्य कलला की त्याने माझ्या अंगणात यावं आणि माझ्याजवळ बसावं. एवढाच दंड."

कंबल म्हणाला, "पडताना डोकंही आपटलंय वाटतं तुझं!" पंच हसले. पण ज्याचा पाय मोडला त्याचा शब्द मोडायचा नाही, हीही रीतच होती.

दारू तुटल्याने पहिले आठ दिवस तिंदुकाचे सारे अंग थरथरत असे. भद्रक बाजेवरून हात लांब करून त्याचा हात धरून ठेवी. पाटला घोटाघोटाने पेज पाजी. नवव्या दिवशी जरा सावरल्यावर तिंदुक म्हणाला, "दादा, मला शपथ घाला. जन्मात पिणार नाही."

"एवढी मोठी शपथ माझ्याच्यानंसुद्धा पेलणार नाही रे. उद्या सूर्य उगवेपर्यंत पिऊ नकोस. उगवला की पुढचं बघू."

एका पावसाळ्यात डोंगरात राहिलेल्या तापसाकडून भद्रक श्वासावर लक्ष ठेवायला शिकला होता. तेच त्याने तिंदुकाला शिकवले. आत येणारा श्वास जाणायचा, बाहेर जाणारा जाणायचा, दहापर्यंत मोजायचे आणि पुन्हा एकपासून. तिंदुक चारच्या पुढे जाईना.

"चारला आलो की दारू आठवते," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "घसा जळायला लागतो."

"कड्यावर असताना हातावर माशी बसली तर तू काय करतोस?"

"हलत नाही."

"का?"

"हललं की डसते. तशीच राहू दिली तर उडून जाते."

"मग ही तलफही तशीच बसू दे. तिला मारू नकोस, तिच्या मागंही जाऊ नकोस. मी इथं आहेच."

हे मात्र तिंदुकाला लगेच कळले, कारण ते त्याच्या धंद्यातले होते.

पुढे त्या अंगणात आणखी माणसे येऊ लागली. पाटला येई. दारूपायी भाऊ गमावलेला, वाडीचे दोर वळणारा एक जण येई. एके दिवशी कंबलही आला. "कंबर धरलीय, टेकायला आलो," असे म्हणून तो बसला आणि मग रोजच बसू लागला. श्वास मोजून झाल्यावर ज्याला वाटेल तो मनातले बोले. कोणी कोणाला उपदेश करीत नसे.

फाल्गुन सरताना मोहाची फुले गळू लागली आणि सगळा डोंगर त्यांच्या वासाने भरून गेला. एका संध्याकाळी तिंदुक आला नाही. दुसऱ्याही संध्याकाळी आला नाही.

"प्याला तो," कंबल म्हणाला. "मला ठाऊकच होतं."

भद्रकाचा पाय जुळला होता, पण आखूड झाला होता. काठी टेकत तो वाडीखालच्या ओढ्याकडे गेला. तिंदुक एका खडकाला टेकून बसला होता.

"परत जा, दादा. एकशे सतरा दिवस काढले होते. सगळे पाण्यात गेले."

भद्रक त्याच्याशेजारी बसला. "त्या दिवसांत पाटला दळताना पुन्हा गायला लागली. मी बाजेवरून ऐकत होतो. तेही पाण्यात गेलं?"

तिंदुक हमसून रडला. थोड्या वेळाने म्हणाला, "त्या सगळ्यांना तोंड कसं दाखवू?"

"ते नंतर बघ. आधी मला वर ने. उतरताना आलो कसाबसा, चढण एकट्याला जमायची नाही."

हे अगदी खरे होते. तिंदुकाने डोळे पुसले आणि भद्रकाला खांदा दिला. थांबत थांबत दोघे अंगणात पोहोचले. तिंदुक सर्वांसमोर म्हणाला, "मी प्यालो." कंबल घोंगडीवर थोडा सरकला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर त्याने हात थोपटला.

त्या संध्याकाळपासून तिंदुक दिवस पुन्हा एकपासून मोजू लागला. तीन पावसाळे गेले. मग पंचांनी ठरवले की त्याला त्याचा मान परत द्यावा, आणि भद्रकाने आनंदाने त्याच्यापुढे दोर ठेवला.

तिंदुकाने दोराला नमस्कार केला, पण तो उचलला नाही. "दादा, तुमचा माझ्यावर भरवसा आहे, त्यात मला सगळं मिळालं. दोर दुसऱ्याला द्या. मला वेगळं काम दिसतंय."

तो अंगणाच्या कुंपणाकडे गेला. तिथे नदीपलीकडच्या गावची एक बाई आपल्या झिंगलेल्या नवऱ्याला आवरीत संकोचून उभी होती. तिंदुकाने त्या माणसाचे पाय धुतले, त्याला सावलीत बसवले आणि स्वतः त्याच्याजवळ बसला. पुढे आयुष्यभर त्याने हेच काम केले.

पुढे बुद्धत्व पावलेल्या शास्त्यांनी ही कथा पिंगल नावाच्या भिक्षूसमोर सांगितली. दीक्षेपूर्वी तो मद्यपी होता. एका उत्सवात त्याचे व्रत मोडले आणि लाजेने तो विहार सोडून निघाला होता. वृद्ध स्थविर कौशिकांनी त्याला हाताला धरून शास्त्यांपुढे आणले होते. कथा संपवून शास्ते म्हणाले, "त्या वेळची पाटला म्हणजे आज या विहाराला दररोज पेज पाठवणारी उपासिका. कंबल म्हणजे हे कौशिक. तेव्हाही ते आधी कुरकुरले आणि मग सरकले. भद्रक मी होतो. आणि पिंगला, तो तिंदुक तूच. तेव्हाही तू पडला होतास, आणि तेव्हाही मला तुझ्या खांद्याची गरज होती."

पिंगलाने निघताना घेतलेले भिक्षापात्र खाली ठेवले आणि तो संघात जाऊन बसला.

पडलेल्याला न सोडणारी आणि त्याच्याकडूनही आधार घेणारी ही मैत्री-पारमिता, म्हणजे मैत्रीची परिपूर्णता, होय.