ढोरवाट

फार पूर्वी, अश्मक देशात राजा अरिंदम सुखाने राज्य करीत असताना, बोधिसत्त्वाने डोंगराखालच्या एका गवळ्याच्या घरी जन्म घेतला. नाव ठेवलं खेमक. मोठेपणी तो घाटाचा वाटाड्या झाला. पंचवीस वर्षांत तो एकदाही वाट चुकला नव्हता. काय त्याची कीर्ती! दाट धुक्यातसुद्धा खेमकामागून डोळे मिटून चालावं, असं लोक म्हणत.

एके दिवशी घाटापलीकडच्या गावचा नंदिय धापा टाकत आला. त्याची बायको दोन दिवस बाळंतवेणांनी तळमळत होती, आणि विजया ही म्हातारी सुईण घाटाच्या अलीकडे राहत होती. येताना नंदिय दोनदा भरकटला होता, म्हणून परतताना त्याने खेमकाला बरोबर घेतलं. तिघे निघाले.

माथा ओलांडून रान लागलं. पायाखालची वाट छान मळलेली होती. नंदियाचा जीव भांड्यात पडला. "आता पोचलोच की!" तो म्हणाला.

खेमकाच्या काळजात मात्र चर्र झालं. दर दहा पावलांवर तिघांना वाकावं लागत होतं. माणसांच्या वाटेवर आडव्या फांद्या केव्हाच मोडलेल्या असतात. सारखं वाकावं लागतं ते ढोरवाटेवर. गुरं चरायला जातात ती ही वाट, आणि ती कड्याच्या टोकाशी संपते. चूक त्याचीच होती.

त्या घाटाचा रिवाज कडक होता. वाट चुकवणाऱ्याने आपली काठी गावापुढे ठेवायची आणि पुन्हा वाटाड्या म्हणवून घ्यायचं नाही. पुढे एक घळ होती. तिथून घसरत उतरता आलं तर आलं, आणि चूक कुणाला कळलीही नसती. खोटं कशाला बोलू, गप्प राहण्याचा खेमकाला मोह झालाच! पण त्याने मागे वळून सुईणीचे थरथरते पाय पाहिले.

"माझं चुकलं. मागे फिरा," तो म्हणाला.

"बायको तिकडे मरायला टेकलीय, आणि आता सांगतोस?" नंदिय ओरडला.

"अरे बाबा, कळलं तेव्हा लगेच सांगितलं ना त्याने," सुईण म्हणाली. "कड्यावर नेऊन सांगितलं असतं तर?"

खेमकाने तिला पाठुंगळी घेतलं आणि चढ असा चढला की तरणाताठा नंदिय मागे पडला. खरी वाट सापडली. दिवस मावळायच्या आत ते पोचले. थोड्याच वेळात मुलगी झाली, आणि आईही वाचली.

दुसऱ्या दिवशी खेमकाने आपणहून काठी गावापुढे ठेवली. नवा वाटाड्या नेमला गेला. पण घाट चढायचा म्हटलं की लोक दार ठोठावत ते खेमकाचंच. "तू नुसता बरोबर चल," ते म्हणत. "चुकलास तर सांगशील तरी!"

एवढं सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, थांबले. मग म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा नंदिय म्हणजे इथे बसलेला भिक्षू सोणक. ती सुईण म्हणजे आपली ज्येष्ठ भिक्षुणी, थेरी सुमना. आणि वाटाड्या खेमक, तो मीच होतो. त्या जन्मी मी सत्यपारमिता, म्हणजे सत्याचं पूर्णत्व, आचरली."