तोंड पुसताना मारायची हाक

"उस्ताद, माझ्या आईनं मला ओळखलं का नाही?"

राहुटीची कनात बाजूला सारून आत येता येताच हौसानं विचारलं. पायात अजून जोकरचे हातभर लांब बूट होते. तोंड मात्र स्वच्छ पुसलेलं, खोबरेल तेलानं चकाकणारं.

म्हातारे उस्ताद पेटीवर बसून बशीत चहा ओतत होते. उभा जन्म त्यांनी जोकर म्हणून काढला होता. आता रिंगणात जाणं सोडलं होतं, नव्या पोरांना पडायला शिकवायचे. सगळी सर्कस त्यांना नुसतं उस्तादच म्हणे.

"कुठं आहे आई?"

"तिकिटाच्या खिडकीपाशी. वडूजहून एसटीनं आली, तीनचा खेळ पाहिला. मी तोंड पुसून धावत गेले, पाया पडले... तर मलाच विचारते, ‘बाई, आमची हौसा कुठं भेटंल?’"

"मग?"

"म्हटलं, आये, मीच की! तर माझ्या तोंडाकडं बघितलं आणि..." हौसानं तळव्यानं गाल खसाखसा चोळला. "आणि हसायला लागली, उस्ताद. तंबूतली माणसं हसतात ना, तशी. पोट धरून."

उस्तादांनी बशी खाली ठेवली.

"तोंड पुसताना हाक कोण मारतं तुला हल्ली?"

हौसानं मान खाली घातली.

त्या सर्कशीचा रिवाजच होता तसा. जोकरानं एकट्यानं रंग उतरवायचा नाही. शेजारी बसलेल्यानं त्याला घरच्या नावानं हाक मारायची, त्यानं ओ द्यायची, आणि मगच तेलाचं फडकं तोंडाला लावायचं. नाहीतर रंग उतरतो, जोकर उतरत नाही, असं जुनी माणसं सांगत. दोन वर्षं रोज उस्तादच हौसाला हाक मारत आले. पण गेल्या महिन्यात पोस्टरवर तिचं तोंड छापून आलं, ती आत शिरली की शिट्ट्या पडायला लागल्या, आणि बाईसाहेबांचे पाय जमिनीवर राहीनात. "मी काय बालवाडीत आहे, हजेरी द्यायला?" असं चारचौघांत उस्तादांना ऐकवून तिनं आपली ट्रंक दुसऱ्या राहुटीत हलवली. यश डोक्यात गेलं की कान बंद होतात, दुसरं काय!

"चुकलं माझं," हौसा म्हणाली. "आता मारा की हाक. मारा ना!"

"हौसे..."

हौसानं वळून दाराकडं पाहिलं. कोण आलं ते बघायला.

दारात कुणी नव्हतं.

हाक आपल्यालाच होती, हे मग तिच्या ध्यानात आलं. ती होती तिथंच मातीत बसली.

"उस्ताद, मला भीती वाटतीय."

"वाटू दे. अजून वाटतीय, हे बरंच आहे."

"माझी हाक आता पोचायची नाही," उस्ताद म्हणाले. "जिनं नाव ठेवलं तिची पोचेल."

"पण ती ओळखतच नाही मला!"

उस्तादांनी पांढऱ्या रंगाची डबी तिच्यापुढं सरकवली.

"लाव."

"पुन्हा? अहो, हेच तर निघेना झालंय..."

"लाव म्हणतो ना! आणि फडकं तिच्या हातात दे."

हौसानं रंग लावला. आरसा नव्हता, तरी एक बोट इकडचं तिकडं गेलं नाही. जणू तोंडावर आधीच रेघा आखलेल्या होत्या.

तिकिटाच्या खिडकीपाशी आई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. हौसा समोर जाऊन उभी राहिली. आताही ही हसली तर? मग आपण कोण म्हणून जगायचं?

आईनं वर पाहिलं. बुटांकडं, लाल नाकाकडं, पांढऱ्या गालांकडं...

ती हसली नाही.

"हौसे! किती वाळलीस गं! जेवतीस का न्हाई येळंवर?"

"ओ," हौसा म्हणाली आणि हमसून हमसून रडायला लागली.

आईनं तिच्या हातातलं फडकं घेतलं. हौसे, हौसे करत गाल पुसले, कपाळ पुसलं, लहानपणी पुसायची तसं नाकही पुसलं. रंग गेला तरी तिनं लेकीची हनुवटी सोडली नाही. "आता कशी माझी हौसा दिसाय लागली," म्हणत तिनं पिशवीतून डबा काढला.

डब्यातला एक लाडू घेऊन हौसा पळतच राहुटीत आली.

"उस्ताद, ओळखलं! आईनं ओळख..."

उस्ताद तेलाच्या फडक्यानं तोंड पुसत होते. रिंगणात जाणं, तोंडाला रंग लावणं सोडून त्यांना अकरा वर्षं झाली होती. फडकं पांढरंफटक झालं होतं. त्यांनी घडी उलटून कोरी बाजू वर घेतली आणि पुन्हा पुसलं. तीही पांढरी झाली.

लाडू हौसाच्या हातातच राहिला.

"उस्ताद... तुम्हाला हाक कोण मारतं?"

"जोडीदार मारायचा. अकरा वर्षं झाली त्याला जाऊन."

"मी मारते! रोज मारीन, आईची शपथ! तुमचं घरचं नाव तेवढं सांगा."

उस्तादांचा हात थांबला. बाहेर सहाच्या खेळाचा बॅंड सुरू झाला, वाजत राहिला... ते त्या फडक्याकडं बघतच होते.

"आठवलं की सांगतो," उस्ताद म्हणाले.