रखमाजीचा एकच सूर

फार जुन्या काळी, राजे सनईनं जागे होत आणि प्रजा कोंबड्याच्या आरवण्यानं, तेव्हाची ही गोष्ट.

एका डोंगराळ राज्यात पाच वाजंत्र्यांचा एक ताफा होता. म्होरक्या हैबती आणि त्याचा धाकटा चुलतभाऊ सनई वाजवत. एक जण संबळ वाजवी, एक जण झांज. पाचवा रखमाजी. त्याच्या सनईला बोटं ठेवायची भोकंच नव्हती. गाल फुगवून, श्वास न तोडता, तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच सूर धरून बसे. हैबतीनं आपल्या सनईवर खुशाल हवं तिकडे हिंडावं आणि दमला की त्या सुरापाशी परत यावं.

लोकांना मात्र याची मोठी गंमत वाटे. लग्नघरच्या बायका म्हणत, चौघं वाजवतात आणि पाचवा चूल फुंकतो. रखमाजीची बायको सांगे, यांचं घरीही तसंच, काहीही विचारा, उत्तर एकच, "हं." रखमाजी त्यावरही "हं" म्हणे.

एकदा राजानं दवंडी पिटवली. राजवाड्याच्या दारावरच्या नगारखान्यातले म्हातारे वाजंत्री थकले होते. जो ताफा पहाटे वाजवून राजाला प्रसन्न मनानं उठवील, त्याला तिथली बैठक कायमची मिळणार होती. वाजंत्र्याच्या जन्मात याहून मोठा मान नाही. आज या गावचं लग्न, उद्या त्या गावची जत्रा, ही पायपीटही संपणार होती. हैबतीच्या ताफ्याला पहिली संधी मिळाली.

अडचण एकच होती. नगारखान्यात चारच माणसं मावत.

हैबती विचारात पडला. दोन सनया तर हव्याच. संबळाशिवाय ताल नाही. झांजवाला तसा काही कामाचा नव्हता, पण तो हैबतीचा मेहुणा होता, आणि हैबतीला रोज घरी जेवायचं होतं.

"रखमाजी," तो म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस. पण तू वाजवतोस ते तसं कुणाच्या लक्षातही येत नाही."

रखमाजीला फार वाईट वाटलं. तीस वर्षं त्यानं याच माणसासाठी गाल फुगवले होते. तरी तो "हं" म्हणाला आणि घरी गेला.

ठरल्या दिवशी पहाटे चौघं नगारखान्यात चढले. हैबतीनं झोकात भूपाळी सुरू केली. थोडा वेळ बरं चाललं. मग त्याचा सूर केसभर चढला. त्याला ते कळलं नाही, कारण परत यायला ठिकाणच नव्हतं. चुलतभावाला वाटलं, दादा चढलाय तर आपणही चढावं, आणि तो दोन केस जास्त चढला. हैबतीला वाटलं, हा माझ्यावर कुरघोडी करतोय. मग काय, दोघं एकमेकांच्या वरच चढत सुटले. संबळवाल्याला कुणाच्या मागं जावं कळेना. मेहुणा तेवढा मजेत होता, कारण त्याची झांज तशीही कधी कशाशी जुळत नसे.

तबेल्यात घोडे खिंकाळू लागले. हत्ती भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. राजा दचकून अंथरुणात उठून बसला आणि त्यानं सेवकाला विचारलं, "कोण गेलं?"

"नवा ताफा वर गेला, महाराज."

"अरेरे," राजा हळहळला. "सगळाच?"

रखमाजी खाली दारापाशी उभा होता. यायचं नाही असं ठरवूनही आला होता. वरचा गोंधळ ऐकून त्याला आधी जरा बरं वाटलं, ते कशाला लपवायचं? पण थोड्या वेळानं हैबतीची ती केविलवाणी धडपड त्याला ऐकवेना. त्यानं उपरण्यात गुंडाळलेलं वाद्य काढलं, गाल फुगवले आणि सूर धरला.

तो सूर कानावर पडला आणि हैबतीचे डोळे भरून आले. चुकलेलं वासरू गोठ्यात यावं तशी त्याची सनई खाली आली. मागोमाग चुलतभाऊ आला. संबळवाल्यालाही वाट सापडली. हत्तीनं तोंड इकडे फिरवलं. राजा अंगावरच्या पांघरुणासकट सज्जात येऊन बसला आणि ऊन वर येईपर्यंत ऐकत राहिला.

मग त्यानं पाचही जणांना समोर बोलावलं. "बैठक तुमची," तो म्हणाला. "पण खालून वाजवत होता त्याची जागा पहिली. उरलेल्या तीन जागांचं तुम्ही आपसात ठरवा."

सगळ्यांनी हैबतीकडे पाहिलं. हैबतीनं मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्यानं त्याच्याकडे अगदी आपल्या बहिणीसारखं पाहिलं.

तेव्हापासून ताफ्याचा म्होरक्या नगारखान्याच्या जिन्यात बसून सनई वाजवू लागला. येणारेजाणारे त्याला म्हणत, जरा सरका, आणि तो मुकाट्यानं सरके.

पहिल्या दिवशी वर जाताना रखमाजी त्याच्यापाशी थांबला. हैबती मान खाली घालून म्हणाला, "रखमाजी, माझं चुकलं."

"हं," रखमाजी म्हणाला, आणि वर जाऊन त्यानं सूर धरला.

तात्पर्य : जो एकच काम नेमानं धरून बसतो, त्याच्याच आधारावर इतरांची दहा कामं शोभून दिसतात.