उघड्यावरचं खोगीर

“आता काय पाठीवरनं काढून नेत्याल का?” हौसानं विचारलं.

फकीर इमामबाबा आपल्या तकियाच्या, म्हणजे मठीच्या, पायरीवर बसून चिलीम साफ करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“बोला की बाबा! खुंटीवरनं नेलं, पेटीतनं नेलं, कुलूप तोडून नेलं. आता घोडीच्या अंगावरच आवळून ठेवलंय. नेऊन दाखवा म्हनावं.”

डोंगरावरच्या त्या सामाईक पागेत तेरा जनावरं असत. बारा पुरुषांचे बारा घोडे आणि तेरावी हौसाची काजळी. थंड हवेला आलेल्या लोकांना कड्यापर्यंत फिरवून आणायचं, हाच सगळ्यांचा धंदा. दिवाळीत हौसाचा बाप गेला. आता पोरगी घोडी विकेल, असं साऱ्या पागेनं धरून ठेवलं होतं. तिनं पदर खोचला आणि दुसऱ्या आठवड्यात काजळीला घेऊन कड्यावर उभी राहिली.

तेव्हापासून तिचं सामान जाऊ लागलं. आधी लगाम. मग पाय अडकवायच्या रिकिबी. मग खोगीर आवळायचा तंग. दर वेळी तिनं नवं आणलं. चोर कोण, हे कुणी सांगत नव्हतं. पण बारा जणांचं सगळं जागच्या जागी आणि जायचं ते नेमकं हिचंच, याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळला असता.

इमामबाबांचा तकिया पागेच्या भिंतीला लागूनच होता. फकिरी घेण्याआधी त्यांची अर्धी हयात घोड्यांना वळण लावण्यात गेली होती. ती विद्या हौसा त्यांच्याकडे शिकत होती. म्हणजे शिकायची थोडं आणि भांडायची फार.

“खोगीर चढवून किती दिवस झाले?” बाबांनी विचारलं.

“चार.”

“आणि उतरवलं कधी?”

“उतरवलंच न्हाई. उतरवलं की गेलंच म्हनून समजा.”

“काजळी काय म्हणते?”

“ती काय म्हननार? मुकं जनावर.”

बाबांनी चिलीम खाली ठेवली आणि ते पागेत गेले. हौसा मागोमाग.

एरवी काजळी बाबा दिसले की गुळासाठी त्यांचा खिसा हुंगायची. आज तिनं कान मागं पाडले आणि अंग चोरून भिंतीकडे सरकली.

बाबांनी खोगिराखाली हात घातला. काढला. हौसासमोर तळवा उघडला.

रक्त होतं. पू होता. त्यात काजळीचे केस चिकटले होते.

...

“चोरांनी काय काय नेलं?” बाबांनी विचारलं.

“लगाम... रिकिबी... तंग.”

“आणि ही पाठ कुणी नेली?”

हौसा तंग सोडायला लागली, पण बक्कल निघेना. शेवटी खोगीर उतरलं. तळहाताएवढं कातडं सोललं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या बारा जणांच्या देखत कधी रडायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि ती घोडीच्या मानेत तोंड खुपसून ढसाढसा रडली.

हौदापाशी चहा पीत बसलेली मंडळी उठून बघायला आली. बारा जणांतला गेनू मुकादम पुढे होता. माणूस तसा गोड बोलणारा. गोड बोलून केसानं गळा कापावा तर त्यानंच.

“आता दीड-दोन महिनं हिच्यावर खोगीर चढत न्हाई बघ, पोरी,” तो म्हणाला. “माझ्याकडं गिऱ्हाईक हाय. पदरात पडंल ते घे आन् मोकळी हो.”

हौसानं पदरानं तोंड पुसलं.

“गेनूतात्या, पाप माझं हाय, ते मी फेडीन. पाठ भरंस्तवर रोज धुईन, पायी हिंडवीन, लोकाची धुनी धुऊन तिला चंदी घालीन. पाठ भरली की त्याच कड्यावर, तुमच्या शेजारी हुबी राहीन. घोडी विकायची न्हाई. पागा सोडायची न्हाई.”

“मर्जी तुझी,” गेनू म्हणाला. “पन खोगीर संभाळ. दिस वाईट हायत.”

दोघं-तिघं हसले.

बाबांनी खोगीर उचललं. हौसाला वाटलं, ते तकियात नेऊन ठेवतील. तिला हायसं वाटलं.

बाबा हौदाकडे गेले, मागोमाग सगळे. हौदाजवळ पत्र्याखाली दगडी ओटा होता. सगळ्यांनी येता-जाता बसायचा. त्या ओट्यावर त्यांनी खोगीर ठेवलं. साखळी नाही, कुलूप नाही.

“घ्या,” ते म्हणाले.

कुणी हललं नाही.

“हिच्या बापानं हे काजळीच्या पाठीवर बेतून भरलंय. तिचा उजवा खांदा उतरता आहे, म्हणून त्या अंगाला लोकर जास्त. तिच्या पाठीवर चार दिवस राहिलं तेव्हा हे झालं...” त्यांनी रक्ताचा तळवा दाखवला. “दुसऱ्या घोड्याला एका फेरीत होईल. उद्यापासून रोज सकाळी मी सगळ्यांच्या पाठी चाचपणार.”

गेनूनं चहाचा कप विसळला. सावकाश विसळला.

“आन् समजा, बाबा... चोराला ते वापरायचंच नसलं तर?”

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग एकेकाकडे पाहिलं.

“मग त्याला चोर म्हणू नका. चोराला निदान गरज असते.”

...

कुणीतरी खाकरलं. दोन माणसं आपापल्या घोड्याकडे वळली आणि उगाचच खरारा करायला लागली. मघाशी हसलेल्यांतला एक जण खाली बघत राहिला. गेनूचा कप कधीच स्वच्छ झाला होता, तरी तो विसळतच होता.

हौसानं बाबांची बाही धरली. आवाज दबलेला, पण धार गेली नव्हती.

“बाबा, माझ्या बापाच्या हातचं तेवढंच उरलंय. असं उघड्यावर टाकता? सकाळपातूर गेलं तर?”

बाबांनी बाही सोडवून घेतली. हौदात हात धुतले. आणि साऱ्या पागेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“तर गरज नसताना नेणारा आपल्यातच आहे, हे कळून उद्यापासून हे बाराही जण आपापलं खोगीर उशाला घेऊन झोपतील.”