जेवून घेणाऱ्या कासारणीची कहाणी

ऐका गं बायांनो, अक्षता मुठीत धरा आणि कुजबुज बंद करा. आटपाट म्हणावं असं एक नगर होतं. तिथं एक कासार राहायचा, म्हाळू नावाचा. त्याच्यासारखा हात पंचक्रोशीत नव्हता. बांगडी अशी चढवायचा की बाईला कळायचंही नाही. घरात म्हातारी आई, बायको येसू, पाच वर्षांची लेक तानी. बरं चाललं होतं. मग काय झालं? म्हाळूची पाठ धरली. कोणी म्हणालं, गुंजभर अफू घे. त्यानं घेतली. पाठ दुखायची थांबली, अफू थांबेना.

सकाळी म्हाळू देवमाणूस. तानीची वेणी घालायचा, आईचे पाय चेपायचा. सांजेला भलताच कोणी दारात यायचा, ओट्यावर कोसळायचा, तानीला ओळखायचा नाही. येसूला काही उमजेना. ह्यातला खरा कोणता? सकाळचा म्हणावा, तर सांज होते. सांजेचा म्हणावा, तर उजाडतं आणि हा पुन्हा फणी घेऊन बसतो. त्यानं तीनदा शपथ घेतली. एकदा आईच्या पायांची, एकदा तानीच्या डोक्याची, एकदा देवीच्या भंडाऱ्याची. तीनदा मोडली, आणि तिन्ही वेळां रडला. रडणाऱ्या माणसाला खोटारडा तरी कसं म्हणावं?

मग येसूनं काय केलं? तुम्ही-आम्ही करतो तेच. सासू म्हणाली, सोमवार धर. धरला. शेजारीण म्हणाली, शुक्रवार धर. धरला. गुरव म्हणाला, शनिवार धर. तोही धरला. उपासाच्या दिवशी उपास म्हणून जेवायची नाही, उरलेल्या दिवशी तो आला नाही म्हणून जेवायची नाही. नवऱ्याआधी जेवावं कसं? दारी बायका यायच्या, कासार कुठे म्हणायच्या. येसू एकदा म्हणाली, ताप आलाय. एकदा म्हणाली, परगावी गेलाय. एकदा म्हणाली, देवाला गेलाय. आणि बांगड्या आपणच भरू लागली.

एके दिवशी तानीनं ओसरीवर भातुकली मांडली. चिंधीच्या बाहुलीपुढं पान ठेवलं, पानावर काही वाढलं नाही. वर बाहुलीला दटावलं, "गप बस. बाबा आल्याबिगर जेवायचं नसतं. कोणी विचारलं तर ताप आलाय म्हण." येसूनं ते ऐकलं. पोरीला हे शिकवलं कोणी, म्हणून ती इकडंतिकडं बघायला लागली.

तेवढ्यात दारी एक म्हातारी सवाष्ण आली. मळवट भरलेला, अंगावर हिरवं लुगडं. ती कोण होती तुम्हांला ठाऊक आहे, येसूला नव्हतं. म्हातारीनं हात पुढं केला, बांगड्या भर म्हणाली. येसूनं पहिली चढवली, ती तडकून वाढली. दुसरी चढवली, वाढली. तिसरीही वाढली, आणि मनगटावर रक्ताचा थेंब आला.

"अफू तो खातो," म्हातारी म्हणाली, "मग हात तुझे गं का कापतात?"

येसू गांगरली. हिला अफूचं सांगितलं कोणी? आणि खरंच, हात का कापतात? तिनं हातातली बांगडी खाली ठेवली. म्हणाली, आजी, मला काहीच कळत नाही, माझा कुठला उपास राहिला तेवढं सांगा. म्हातारी म्हणाली, वसा सांगते, पण उतशील, मातशील, टाकून देशील. येसू म्हणाली, नाही टाकणार. तर ऐक, म्हणाली. दिवस डोक्यावर आला की चार पानं मांड. गरम वाढ. तुम्ही तिघी बसा आणि पोटभर जेवा. चौथं पान त्याचं. आला तर वाढ, नाही आला तर गाईला दे. आणि कोणी विचारलं तर आहे ते सांग.

येसू म्हणाली, हा कसला वसा? वशाला पोट मारायचं असतं. म्हातारी म्हणाली, तुझं पोट मारून त्याची अफू सुटती, तर गावात अफूबाज औषधालाही उरला नसता. एवढं बोलली आणि गेली.

पहिल्या दिवशी येसू पानावर बसली, घास गिळवेना. सासू म्हणाली, नवरा उपाशी आणि ही गिळते. दुसऱ्या दिवशी दोन घास गेले. तिसऱ्या दिवशी तानीनं भाकरी मागून घेतली, आणि सासूही डोळे पुसत पानावर येऊन बसली. मग शेजारीण आली, कासार कुठे म्हणाली. येसूनं जीव मुठीत धरून सांगितलं, अफू खाऊन पडलाय. धरणी काही दुभंगली नाही. शेजारीण हळूच म्हणाली, माझा भाऊही. म्हाळूच्या कानी हे गेलं तेव्हा तो मात्र चवताळला. माझी अब्रू चव्हाट्यावर मांडलीस म्हणाला, तीन दिवस घरी फिरकला नाही. येसूला वाटलं, चुकलं गं माझं. तरी तिनं चार पानं मांडली. चूक की बरोबर, तिला कळत नव्हतं. भूक तेवढी कळायला लागली होती.

म्हातारी पुन्हा आली. येसूनं चुडा भरला, एकही बांगडी वाढली नाही. येसू म्हणाली, माझे हात कापायचे राहिले, त्याची अफू सुटेल का? म्हातारी म्हणाली, तो वसा त्याचा. तो त्यालाच घ्यावा लागेल. आणि निघून गेली.

तो रुसून गेला त्याच्या चौथ्या दिवशी भर दुपारी पानं मांडलेली होती, तेव्हा म्हाळू दारात उभा राहिला. ना सकाळचा, ना सांजेचा. अंगाला घाम, हात लटलटा कापत होते.

"येसू, मला वैद्याकडं ने," म्हणाला. "आजच ने. उद्या विचारलंस तर मी नाही म्हणेन."

येसू बघत राहिली. हा कोणता म्हाळू, तिला ओळखू येईना. पण आजवर तो एवढं खरं कधी बोलला नव्हता. ती म्हणाली, "आधी बस. आपण जेवू, मग जाऊ." त्याचा घास काही धड तोंडात जाईना. तानीनं त्याला भाकरी कुस्करून दिली. येसू आपलं पान संपवून उठली, हात धुतले आणि दोघं वैद्याच्या वाटेला लागली.

पुढं अफू सुटली का? बायांनो, पोथीत लिहिलेलं नाही. मी तीनदा पान उलटून पाहिलं. वाचता वाचता मान वर करून तुमच्याकडे बघते तेव्हा कोणाच्या घरी कोणाची वाट बघणं चाललंय, ते दिसतं मला. जशी देवीमाय येसूच्या दारी आली, तशी तुमच्याआमच्या दारी येवो. आज घरी जाऊन आधी जेवून घ्या. ही साठां उत्तरांची कहाणी मी चार उत्तरांत सांगितली, पाचवं माझ्याजवळ नाही. सुफळ झाली म्हणा, संपूर्ण मी म्हणत नाही. टाका अक्षता.