पारोसा ठिपका

फार जुनी नाही, पण फोटोची स्लाइड म्हणजे काय हे मुलांना समजावून सांगावं लागे, त्या काळातली ही गोष्ट. अनसूयाताईंच्या टेबलावर घरातल्या जुन्या स्लाइड संगणकावर घेणारा एक स्कॅनर होता, स्वच्छतेचा भारी भोक्ता. त्याच्या हाताखाली एक मऊ ब्रश होता.

पहिली स्लाइड आत जाताच स्कॅनर ओरडला, "अगं नवरीबाई, नाकावर केवढी धूळ! तोंड धुऊन ये!" ब्रशाने स्लाइड झटकून झटकून पुसली, पण ठिपका हलेना. पुढच्या स्लाइडमध्ये तोच ठिपका बारशाच्या बाळाच्या गालावर, त्यापुढच्या स्लाइडमध्ये महाबळेश्वरच्या आभाळात.

"काय हे घराणं! पिढ्यान्‌पिढ्या पारोसं!" स्कॅनर करवादला.

ब्रशाचे केस गळायची वेळ आली. तो चाचरत म्हणाला, "दादा, एकदा तुमची काच पुसू का?"

"माझी?" स्कॅनर तापला. "लोकांचे डाग दाखवणारी काच ही! हिला कसली धूळ?"

अनसूयाताईंनी स्लाइड काढून घेतली आणि स्कॅनर रिकामाच चालवला. संगणकाच्या पडद्यावर पांढराशुभ्र चौकोन उमटला आणि त्याच्या मधोमध तोच ठिपका.

आता तरी दादा वरमतील, म्हणून ब्रश वाट पाहू लागला.

स्कॅनरने ठिपका निरखून पाहिला आणि कपाळाला हात लावला. "बघितलंस? आता हवासुद्धा पारोशीच यायला लागली!"