डबक्यातलं सुतक

खूप जुनी गोष्ट आहे बरं का. इतकी जुनी, की ती पहिल्यांदा सांगणारे बेडूकही आता उरले नाहीत. डोंगरमाथ्यावरच्या उघड्या सड्यावर, कातळाच्या खळग्यात एक डबकं होतं. पावसाळ्यात भरायचं, उघडीप पडली की आटायचं. पण काय देखणं होतं म्हणून सांगू! काठाला निळी फुलं, तळाशी हिरवंगार शेवाळ आणि पाण्यात शेकडो बेडूकमासे, म्हणजे बेडकांची पाय न फुटलेली पोरं.

त्यांतलीच एक इवली. तिचा धाकटा भाऊ ठेंगू तिच्या मागेमागे पोहायचा. "ताई, थांब ना गं!" असं दिवसातून शंभरदा म्हणायचा. तीही दर वेळी थांबायची.

तळच्या चिखलात चतुराचं, म्हणजे त्या चार पंखांच्या भिरभिरत्या किड्याचं, पंख न फुटलेलं पोर दबा धरून बसलेलं असे. सगळे त्याला चिखल्या म्हणत. जबडा पुढे फेकून तो रोज कुणाला तरी मटकवायचा. आणि बेडूकमाशांची रीत अशी, की कुणी गेलं की सगळ्यांनी दिवसभर दगडाखाली सुतक पाळायचं, शेवाळाला तोंड लावायचं नाही. आता चिखल्याला भूक रोजची, म्हणजे ह्यांचं सुतकही रोजचं! पोरं वाळत चालली. पाय कुठले फुटायला!

एके सकाळी चिखल्यानं ठेंगूला पकडलं. इवलीच्या डोळ्यांदेखत.

दगडाखाली ती हमसून हमसून रडली. काठावरची म्हातारी खेकडीण ते बघत होती. ती म्हणाली, "पोरी, पाऊस थांबलाय. पंधरा दिवसांत इथं थेंब राहायचा नाही. पाय फुटले तरच वाचाल."

"पण आजी, माझा ठेंगू गेला. मला घास कसा उतरेल?"

"नाही उतरायचा. रड, खुशाल रड. पण रडता रडता खा."

इवली दगडाखालून बाहेर निघाली. तेवढ्यात सगळ्यांच्या आधी जन्मलेला थोरला कडाडला, "लाज नाही वाटत? सख्खा भाऊ गेला आणि हिला खाणं सुचतंय!"

इवलीच्या काळजाला घरं पडली. तरी ती म्हणाली, "दादा, मला जगायचंय. तुम्हीही या ना! सगळे मिळून चरू. चिखल्याला तोंड एकच आहे."

दहा-बारा जण भीतभीत आले. एक डोळा चिखलावर ठेवून चरू लागले. चिखल्यानं त्यांतलेही दोघे-तिघे नेले. सांज झाली की इवली गेलेल्यांची नावं घ्यायची, आणि सगळे रडायचे. सकाळी पुन्हा चरायला निघायचे. हळूहळू त्यांना मागचे पाय फुटले, मग पुढचे.

एक दिवस डबक्यात ओंजळभर पाणी उरलं. इवली दगडापाशी गेली. "दादा, अरे, आता तरी दोन घास खा!"

"आजचं सुतक फिटू दे," थोरला पुटपुटला.

ते फिटायच्या आत पाणी आटलं. इवली आणि तिचे सोबती उड्या मारत ओल्या गवतात गेले. दगडाखालचं कुणीच वाचलं नाही.

पुढे इवली मोठी झाली. दर पावसाळ्यात त्या डबक्याकाठी यायची, ठेंगूची आणि थोरल्याची आठवण काढून डोळे पुसायची, आणि पाण्यातल्या आपल्या पोरांना म्हणायची, "चरा रे बाळांनो, आधी चरा."

तात्पर्य : गेलेल्यांसाठी जरूर रडावं, पण त्या दुःखात आपली जगायची वेळ आटू देऊ नये.